दीडशे वर्षे चाललेली एका माशाची ओळख

मृगाचा पाऊस चांगला दोन-तीन दिवस लागला, ओढ्यांना गढूळ पाणी आले, की सह्याद्रीच्या कुशीतल्या शाळांमध्ये एक प्रसंग हमखास घडतो. ओलाचिंब झालेला एखादा विद्यार्थी पाण्याने भरलेली बाटली घेऊन वर्गात येतो. बाटलीच्या तळाशी बोटाच्या दोन पेरांएवढा, तपकिरी ठिपक्यापट्ट्यांचा एक लांबोळका मासा बसलेला असतो. तोंडाभोवती मिशा असतात. बाटली हलवली की तो वळवळतो आणि पुन्हा तळाला चिकटतो. ‘‘सर, हा कोणता मासा?’’ असा प्रश्न येतो. सर किंवा बाई गावाकडच्या असतील तर ‘‘मुरी आहे ती,’’ असे उत्तर देतात आणि प्रश्न तिथे संपतो.

हे उत्तर चूक नाही. पण ते अपुरे आहे. मुरी म्हणजे कोणती मुरी? या ओढ्यातली मुरी आणि डोंगराच्या पलीकडच्या ओढ्यातली मुरी एकच का? हा प्रश्न विचारला, की आपण अशा एका गोष्टीत शिरतो, जी पुण्याच्या नद्यांपासून सुरू होते, कलकत्ता, लंडन, हाँगकाँग आणि बुखारेस्टला वळसा घालते आणि पुन्हा सह्याद्रीच्या ओढ्यांवर येऊन थांबते. वर्गीकरणाचा धडा शिकवताना आपण ‘मँजिफेरा इंडिका’ किंवा ‘होमो सेपियन्स’ ही नावे फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. नाव दिले म्हणजे ओळख झाली असा समज विद्यार्थ्यांच्या मनात नकळत रुजतो. या छोट्या माशाचा इतिहास तो समज दूर करायला फार उपयोगी आहे.

मुरी ओळखायची कशी?

इंग्रजीत ज्यांना ‘लोच’ म्हणतात त्या माशांपैकी हा एक. युरोप आणि विशेषतः आशियातल्या गोड्या पाण्यात लोचच्या शेकडो जाती आहेत. शरीर लांबट, तोंड खालच्या बाजूला, ओठांभोवती निदान तीन जोड्या मिशा, आणि राहणे तळाशी, दगडगोट्यांत. मिशा या स्पर्श आणि चव दोन्हींसाठी असतात. गढूळ पाण्यात, दगडाखाली, रात्रीच्या वेळी डोळ्यांपेक्षा त्यांचाच उपयोग जास्त.

आपल्याकडच्या ओढ्यांत लोचचे दोन मोठे गट सापडतात. एका गटात डोळ्याच्या खाली कातडीत दडलेला एक दुटोकी काटा असतो. मासा घाबरला की तो काटा बाहेर उभारतो, आणि हातात धरणाऱ्याला टोचतो. लेपिडोसेफॅलिक्थिस हा मासा या गटातला. दुसऱ्या गटात असा काटा नसतो. आपली गोष्ट या दुसऱ्या, बिनकाट्याच्या गटाची आहे. काटा आहे की नाही हे पाहणे ही ओळखीची पहिली पायरी, आणि साध्या भिंगाच्या मदतीने आठवीतला विद्यार्थीही ती चढू शकतो. अडचण त्यापुढच्या पायऱ्यांची आहे.

कर्नलसाहेब आणि मराठी नावे

पेशवाई संपल्यानंतर काही वर्षांतच, १८२४ साली, मुंबई सरकारने विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे दख्खनच्या सांख्यिकी पाहणीचे काम सोपवले. जमीन, पिके, लोकसंख्या, हवामान यांची माहिती गोळा करणे हे त्याचे काम. पण साईक्सची नजर पक्षी, प्राणी आणि मासे यांवरही होती. १८३१ पर्यंत तो दख्खनमध्ये फिरत होता. भीमा आणि मुळा-मुठा यांसारख्या नद्यांतून कोळ्यांनी पकडलेले मासे त्याने पाहिले, मोजले आणि त्यांची चित्रे तयार केली. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्याने ‘दख्खनचे मासे’ या विषयावर निबंध मांडला. त्याचा सारांश १८३९ साली आणि चित्रांसह पूर्ण निबंध १८४१ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून अधिक जातींची वर्णने होती आणि त्यांपैकी बहुतेक शास्त्राला नवीन होत्या.

साईक्सने एक गोष्ट अशी केली, की तिच्याबद्दल मराठी वाचकाने त्याचे आभार मानावेत. कोळी लोक माशाला जे नाव सांगत तेच त्याने लॅटिन नावात बसवले. ‘खुद्री’, ‘नुक्ता’, ‘मल्या’, ‘बोगट’, ‘शिंगटी’ हे शब्द इंग्रजी स्पेलिंगचा अंगरखा घालून जगाच्या शास्त्रात गेले आणि आजही तिथे आहेत. महसीरच्या एका जातीचे नाव टॉर खुद्री आहे, ते यामुळेच. लोच माशांपैकी साईक्सने तीन जातींना नावे दिली. त्यांतल्या एकीचे नाव ‘कोबिटिस मुरे’. बाटलीतल्या माशाला गावातले लोक जे म्हणतात, त्याचाच हा प्रतिध्वनी.

कोबिटिस ही त्या काळची एक मोठी पिशवी होती. इथे शब्दांचा एक खुलासा करायला हवा. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, आणि दुसरा त्या जातीचा. अठराव्या शतकात लिनीअसने युरोपातल्या लोचसाठी कोबिटिस ही प्रजाती वापरली, आणि पुढे आशियात जो कोणी लांबट, मिशावाला, तळाशी राहणारा लहान मासा सापडेल त्याला त्याच पिशवीत टाकले गेले. साईक्सचे वर्णन त्या काळाच्या मानाने वाईट नव्हते, पण फार थोडक्यात होते. पुढच्या माणसाने नेमके काय पाहून ‘हाच तो’ म्हणायचे, हे त्या चार ओळींतून ठरत नव्हते. शिवाय त्याच्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. उरली ती वर्णने आणि चित्रे.

गंगेच्या पोटात गेलेली मुरे

असेच काहीसे आधी बंगालमध्येही झाले होते. फ्रान्सिस हॅमिल्टन-बुकॅनन या डॉक्टरने गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवर १८२२ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानेही स्थानिक नावे वापरली. ‘कोबिटिस बोटिया’ हा त्यातला एक लोच. हॅमिल्टनने नमुने जपून ठेवले नव्हते, आणि १८१५ साली तो मायदेशी परतला तेव्हा त्याने करून घेतलेली चित्रे सरकारने कलकत्त्यातच ठेवून घेतली. त्यामुळे ग्रंथ वाचणाऱ्यांना पुढे इतक्या शंका आल्या, की सुंदर लाल होरा यांना १९२९ साली हॅमिल्टनच्या माशांची ओळख पटवण्यासाठी मदत म्हणून वेगळा निबंध लिहावा लागला.

गंगेचा बोटिया आणि दख्खनचा मुरे हे दोघे दिसायला सारखे. दोघांच्याही मूळ नमुन्यांशी ताडून पाहणे शक्य नाही. अशा वेळी सोपा मार्ग म्हणजे दोघांना एक मानणे, आणि शास्त्राच्या नियमाप्रमाणे आधी दिलेले नाव राखणे. १८२२ हे १८३९ च्या आधी येते. म्हणून पुढच्या काळातल्या अनेक याद्यांमध्ये महाराष्ट्रातल्या नद्यांतला हा मासाही ‘बोटिया’ या नावाखाली गेला. कोळ्याने सांगितलेले आणि साईक्सने टिपलेले नाव कंसात, समानार्थी नावांच्या यादीत, जाऊन बसले.

रँडल सिंगर आणि लॉरेन्स पेज यांनी २०१५ साली या संपूर्ण गटाचा पुन्हा अभ्यास केला. निरनिराळ्या नद्यांतले नमुने शेजारी ठेवून पाहिल्यावर त्यांना पाच जाती तर नव्याने मिळाल्याच, पण दख्खनचा मुरे गंगेच्या बोटियाहून वेगळा आहे हेही त्यांनी मांडले. आज त्याचे नाव ‘पॅराकॅन्थोकोबिटिस मुरे’ असे आहे. पहिला शब्द उच्चारताना जीभ अडखळेल, पण दुसरा आपल्या ओढ्यावरचाच आहे. नाव दिल्यावर पावणेदोनशे वर्षांनी त्याला पुन्हा पक्के घर मिळाले.

नाकाला मिशी असलेला मासा

आता बाटलीतल्या त्या माशाकडे वळू, जो या लेखाचा खरा नायक आहे. भिंग घेऊन त्याच्या तोंडाकडे पाहा. ओठांभोवती तीन जोड्या मिशा दिसतील, त्या मुरेलाही असतात. पण याच्या नाकपुडीतूनही एक एक मिशी निघालेली आहे. म्हणजे पुढची नाकपुडी नळीसारखी होऊन तिचे टोक मिशीसारखे वाढलेले आहे. सहाऐवजी आठ मिशांचा हा मासा.

तो पहिल्यांदा शास्त्राच्या दप्तरात आला १८७२ साली. फ्रान्सिस डे हा मद्रास सैन्यातला डॉक्टर. माशांचा नाद इतका, की पुढे तो हिंदुस्थानातल्या मत्स्यव्यवसायाचा प्रमुख निरीक्षक झाला. त्याचा ‘हिंदुस्थानचे मासे’ हा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात निघाला आणि आजही आपल्याकडचा अभ्यासक तो उघडतो. डे याने पुण्याहून मिळालेल्या या माशाला कर्नल इव्हेझर्ड या अधिकाऱ्याच्या नावावरून ‘नेमाकायलस इव्हेझर्डी’ असे नाव दिले. नेमाकायलस म्हणजे धाग्यासारख्या ओठांचा. ही प्रजाती तोपर्यंत कोबिटिसच्या पिशवीतून वेगळी काढलेली होती. ठिकाण म्हणून त्याने लिहिले, पुणे. कोणत्या नदीचा कोणता काठ, कोणता ओढा, किती खोल पाणी, हे काही नाही. त्या काळी तशी पद्धतही नव्हती.

डे याला जे करता येण्यासारखे होते ते त्याने केले. नाकाच्या मिशीसारखी ठळक खूण दिली आणि नमुने राखले. पुढे त्याचा संग्रह कलकत्ता, लंडन, लायडन, सिडनी असा जगभर विखुरला गेला. म्हणजे पुण्याच्या माशाची खात्री करायची तर जगाच्या नकाशावर बोट फिरवावे लागे.

पुण्याहून हाँगकाँगला

नाकाच्या मिशीने पुढे एक मजेशीर वळण घेतले. डे याच्या चारच वर्षे आधी, १८६८ साली, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या अल्बर्ट ग्युंथर यांनी हाँगकाँगच्या डोंगरांतल्या एका लोचचे वर्णन केले होते. त्याच्या नाकपुड्याही नळीसारख्या आणि मिशीसारख्या वाढलेल्या. त्या प्रजातीला त्यांनी ओरिओनेक्टिस, म्हणजे डोंगरातला पोहणारा, असे नाव दिले.

शंभर वर्षांनंतर हे दोन धागे एकत्र आले. रुमानियातले माशांचे अभ्यासक बनारेस्कू आणि नाल्बांत हे सहकारी रिटा यांच्यासह केरळातल्या एका नव्या लोचचा अभ्यास करत होते. त्यालाही तशाच नाकाच्या मिशा होत्या. १९७८ साली बुखारेस्टच्या संग्रहालयाच्या नियतकालिकात त्यांनी त्याचे वर्णन केले. केरळचा हा मासा आणि पुण्याचा इव्हेझर्डी यांच्यासाठी त्यांनी ‘इंडोरिओनेक्टिस’ असा उपगट पाडला, आणि तो हाँगकाँगच्या ओरिओनेक्टिस या प्रजातीतच ठेवला. म्हणजे पुण्याचा मासा हाँगकाँगच्या माशाचा जवळचा भाऊबंद ठरला.

हे नाव वाचून कोणाच्याही मनात पहिला प्रश्न येतो तो असा : एवढासा मासा तिकडून इकडे आला कसा? आणि या प्रश्नाला त्या काळी भारतात विशेष वजन होते. होरा यांनी पश्चिम घाटातले खळाळत्या पाण्यातले मासे आणि आग्नेय आशियातले मासे यांच्यातल्या साम्यावरून एक सिद्धान्त मांडला होता. एके काळी हे मासे पूर्वेकडून सातपुड्याच्या डोंगररांगेने पश्चिमेला आले असावेत, असे त्यांचे म्हणणे. १९४९ साली या ‘सातपुडा सिद्धान्ता’वर खास परिसंवादही झाला. सिद्धान्त बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवू. आपल्याला पाहायची आहे ती त्याची घडण. दोन ठिकाणचे मासे जवळचे नातेवाईक आहेत, हे गृहीत धरल्याशिवाय तो उभाच राहत नाही. आणि ते नाते ठरते माशांच्या ओळखीवरून. म्हणजे ओळख चुकली तर केवळ एका माशाचे नाव चुकत नाही. डोंगर, नद्या आणि भूभाग यांच्या इतिहासाबद्दलचे आपले निष्कर्षही चुकू शकतात.

सारख्या परिस्थितीत राहणाऱ्या प्राण्यांमध्ये सारखे अवयव स्वतंत्रपणे घडू शकतात. वटवाघळाला पंख आहेत म्हणून आपण त्याला पक्षी म्हणत नाही. मग नाकाला मिशी आहे एवढ्यावरून दोन मासे सख्खे कसे ठरवायचे? पुढे अभ्यासकांनी इंडोरिओनेक्टिसला हाँगकाँगच्या प्रजातीतून बाहेर काढून स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. पुण्याचा मासा भारतात परत आला. नावात मात्र त्या प्रवासाची खूण राहून गेली.

एक नाव, अनेक नद्या

दरम्यान दुसरीकडे एक वेगळीच गोष्ट घडत होती. माशांची पुस्तके ओळखतक्त्याच्या पद्धतीने लिहिलेली असतात. प्रश्न विचारत विचारत पुढे जायचे. डोळ्याखाली काटा आहे? नाही. नाकाला मिशी आहे? आहे. मग हा इव्हेझर्डी. इथे तक्ता संपतो. पुण्याच्या माशासाठी ही खूण पुरेशी होती, कारण आसपासच्या दुसऱ्या कोणत्याही मुरीला अशी मिशी नव्हती. पण तोच तक्ता घेऊन लोक कोकणात गेले, गोदावरीच्या खोऱ्यात गेले, मध्य भारतात गेले. जिथे नाकाला मिशी दिसली तिथे इव्हेझर्डी अशी नोंद झाली. नावाचा पसारा वाढत गेला.

याचे सर्वांत ठळक उदाहरण छत्तीसगडमधल्या बस्तरचे आहे. कांगेर खोऱ्यातल्या कोटुमसर गुहेच्या अंधाऱ्या पाण्यात एक लोच राहतो. त्याचे डोळे खुरटलेले, अंगाचा रंग फिकट. तो अधूनमधून पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो. सूर्य न पाहिलेल्या या माशाला दिवस-रात्रीचे भान आहे का, हे त्याच्या या सवयीवरून तपासण्याचे प्रयोग भारतीय शास्त्रज्ञांनी केले, आणि ते जगभर वाचले गेले. त्या निबंधांतही माशाचे नाव होते इव्हेझर्डी. पुण्याच्या उघड्या ओढ्यातला मासा आणि बस्तरच्या गुहेतला मासा, दोघांना एकच नाव.

हे अशक्य आहे असे नाही. एकाच जातीचे काही मासे गुहेत अडकून पिढ्यानपिढ्या तिथे राहिले तर त्यांचे डोळे खुरटू शकतात. पण ते सिद्ध व्हायला हवे. ओळखतक्त्याच्या एका प्रश्नावर ते गृहीत धरता येत नाही. ओळखतक्ता हा त्यात आधीच असलेल्या जातींपैकी एक निवडायला सांगतो. ‘यांपैकी कोणतीही नाही’ हे उत्तर त्यात नसते. नव्या ठिकाणचा मासा जुन्या तक्त्यातून काढला तर तो जुन्याच नावाने बाहेर पडणार. विद्यार्थ्यांना पर्यायी प्रश्न सोडवताना हा अनुभव येतोच : चारही पर्याय चुकीचे असले तरी एकावर खूण करावीच लागते.

दोन मुळा, दोन मासे

ही गाठ सुटायला सुरुवात झाली ती अलीकडे. २०२० साली तेलंगणातल्या गोदावरी खोऱ्यातून इंडोरिओनेक्टिसची एक नवी जाती नोंदवली गेली आणि तिला त्या राज्यावरून तेलंगणाएन्सिस असे नाव मिळाले. २०२१ साली प्रदीप कुमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या आणखी दोन जाती वेगळ्या केल्या. एकीचे नाव नीलेशी, दुसरीचे राजीवी. पश्चिम घाटातल्या माशांवर काम करणारे नीलेश डहाणूकर आणि राजीव राघवन यांच्या सन्मानार्थ ही नावे आहेत.

नीलेशी सापडली मुळा नदीत. पण थांबा, ही पुण्याची मुळा नव्हे. महाराष्ट्रात मुळा नावाच्या दोन नद्या आहेत. पुण्याची मुळा मुठेला मिळते, मग भीमेला, आणि शेवटी कृष्णेला. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातली मुळा प्रवरेला मिळते आणि तिचे पाणी गोदावरीत जाते. हरिश्चंद्र-बालाघाट डोंगररांग या दोन खोऱ्यांच्या मध्ये उभी आहे. नकाशावर दोन्ही मुळा फार दूर नाहीत. पण माशाला डोंगर ओलांडता येत नाही. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर त्याला बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊन, खारे पाणी पार करून परत वर यावे लागेल. थंड, वाहत्या ओढ्यातल्या या चिमुकल्या जिवाला ते शक्य नाही. म्हणून जलविभाजक ही भूगोलाच्या पुस्तकातली रेघ माशांच्या दृष्टीने उंच भिंत असते. भिंतीच्या दोन बाजूंना हजारो पिढ्या वेगळ्या वाढल्या, की त्यांच्यात फरक साचत जातात.

राजीवी सापडली ती आंबोलीजवळ उगम पावणाऱ्या हिरण्यकेशी नदीत. ही नदी घटप्रभेमार्गे कृष्णेलाच मिळते. म्हणजे पुण्याचा इव्हेझर्डी आणि आंबोलीचा राजीवी एकाच मोठ्या खोऱ्यातले. तरीही वेगळे. उगमाजवळचे ओढे एकमेकांपासून इतके दूर आणि मधल्या मोठ्या नदीचे वातावरण इतके निराळे, की एकच खोरे असूनही मासे अलग राहू शकतात. तेव्हा ‘खोरे वेगळे तर मासा वेगळा, खोरे एक तर मासा एक’ असा सोपा नियमही करता येत नाही. पाहावेच लागते.

पाहायचे म्हणजे काय? अभ्यासकांनी तीन प्रकारचे पुरावे एकत्र आणले. पहिला बाहेरच्या शरीराचा : अंगाची उंची, मिशांची लांबी, परांची जागा. हा पुरावा सगळ्यांत सोपा, पण वय, आहार आणि पाण्याचा वेग यांनी तो बदलू शकतो. दुसरा हाडांचा. पाठीच्या कण्यातले मणके मोजता येतात, आणि ते खाण्यापिण्याने सहज कमीजास्त होत नाहीत. तिसरा जनुकांचा. डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यातली अक्षरे किती वेगळी झाली यावरून दोन गट किती काळ वेगळे राहिले असतील याचा अंदाज येतो. मात्र अमुक इतके फरक म्हणजे वेगळी जाती अशी पक्की रेघ तिथेही नाही. कोणताही एक पुरावा एकट्याने निकाल देत नाही. तिन्ही साक्षीदार एकच सांगू लागले, की मग विश्वास बसतो.

आणि या सगळ्यात एक अट आहे. तुलना कोणाशी करायची? नवा मासा ‘इव्हेझर्डी नाही’ असे म्हणायचे तर आधी खरा इव्हेझर्डी हाताशी हवा. डे याचे नमुने सव्वाशे-दीडशे वर्षे बाटलीत राहिलेले. त्यांची लांबीरुंदी मोजता येईल, पण इतक्या जुन्या नमुन्यांतून डीएनए मिळवणे अवघड. तेव्हा उपाय एकच. जिथून त्याने पहिला मासा घेतला, त्याच भागात जायचे आणि ताजा मासा आणायचा. म्हणजे पुन्हा पुण्याच्या ओढ्यांवर.

पुण्याचा ओढा का हवा?

इथे या गोष्टीतली खरी चिंता सुरू होते. साईक्सने पाहिलेल्या आणि डे याने नाव घेतलेल्या पुण्याच्या नद्यांचे आज काय झाले आहे, हे सांगायची गरज नाही. १९४२ साली फ्रेझर यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी दिली होती. २००३ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात पुणे जिल्ह्यातल्या माशांची अशा जुन्या याद्यांशी तुलना केली गेली, तेव्हा काही स्थानिक जाती दिसेनाशा झाल्याचे आणि बाहेरून आणलेल्या जातींची भर पडल्याचे आढळले. इव्हेझर्डी अजून आहे, पण तो शहराबाहेरच्या, डोंगरातल्या स्वच्छ ओढ्यांत. समजा उद्या तो तिथूनही गेला, तर नुकसान एका जातीपुरते राहणार नाही. ज्या मोजपट्टीने बाकीचे सगळे मासे मोजायचे, ती मोजपट्टीच हरवेल.

या लहान माशांना ताटातही जागा आहे. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला पाण्याच्या उलट दिशेने वर चढतात. कुठे त्यांना चढणीचे मासे म्हणतात, कुठे वलगणीचे. त्यांच्याबरोबर मुऱ्याही मोठ्या संख्येने पकडल्या जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर अनेक घरांत कालवणाची सोय होते. किती पकडले तर चालेल, हा प्रश्न ‘मुरी’ या एका शब्दाखाली विचारला तर उत्तर फसवे येते. सगळ्या नद्यांत एकच जाती असेल तर एका ओढ्यातली घट दुसऱ्यातून भरून येईल असे म्हणता येते. प्रत्येक नदीची मुरी वेगळी असेल तर एका ओढ्याचे नुकसान कायमचे असते. म्हणून ओळख हा संग्रहालयातल्या चार माणसांचा खेळ राहत नाही. धरण, रस्ता, सांडपाणी किंवा जाळे यांबद्दलचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

ओळख पटल्याने काय होऊ शकते याचेही उदाहरण हिरण्यकेशीवरच आहे. आंबोलीच्या देवळाच्या कुंडातले लोच लोकांना पिढ्यानपिढ्या दिसत होते. २०२० साली जयसिंहन प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यम यांनी ती स्वतंत्र जाती असल्याचे दाखवून तिला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य सरकारने कुंडाचा सुमारे २.११ हेक्टर परिसर जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केला. मासा तोच, पाणी तेच. फक्त तो कोण आहे हे कळले होते.

वर्गात काय करता येईल?

एवढे वाचल्यावर एखादे शिक्षक म्हणतील, की आमच्याकडे ना सूक्ष्मदर्शक ना डीएनए तपासायची सोय. पण या इतिहासात सर्वांत जास्त अडचण झाली ती यंत्रांच्या अभावाने नव्हे. ती झाली डे याने ‘पुणे’ एवढेच लिहिल्याने, हॅमिल्टनने नमुने न जपल्याने, आणि पुढच्या अनेकांनी जुने नाव पाहून पुढचा प्रश्न न विचारल्याने. आपण शाळेत नेमके हेच टाळायला शिकवू शकतो.

बाटली घेऊन मूल आले, की त्याच्याकडून वहीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात. मासा कुठे मिळाला : ओढ्याचे नाव, जवळचे गाव, पाणी पुढे कोणत्या नदीला मिळते. कधी मिळाला. पाणी कसे होते, तळाला वाळू होती की दगड. आणि गावात त्याला काय म्हणतात. या शेवटच्या नोंदीला कमी लेखू नये. साईक्सच्या नोंदींतला अस्सल भाग तोच आहे. मग पांढऱ्या ताटलीत थोड्या पाण्यात मासा सोडून, बाजूला पट्टी ठेवून त्याचे चित्र काढावे. मिशा मोजाव्यात, सहा की आठ ते पाहावे. डोळ्याखाली काटा आहे का ते पाहावे. आणि तास संपला की मासा जिथून आणला तिथेच सोडावा, दुसऱ्या ओढ्यात नव्हे. डोंगराने हजारो वर्षे वेगळे ठेवलेले मासे आपण एका बाटलीने एकत्र करायला नकोत. शाळा पुण्याच्या मुळेच्या काठी असेल किंवा अकोल्याच्या मुळेच्या, दरवर्षी अशा दहा-पंधरा नोंदी जमल्या तरी दहा वर्षांनी त्या वहीला किंमत येईल.

‘‘सर, हा कोणता मासा?’’ या प्रश्नाला आता आपण काय उत्तर द्यायचे? ‘‘मुरी आहे,’’ हे म्हणावेच, कारण ते खरे आहे. पण लगेच उलट विचारावे, ‘‘कोणत्या ओढ्यातली?’’ दीडशे वर्षांत शास्त्रज्ञ ज्या प्रश्नापर्यंत पोहोचले, तो हाच आहे.